फाटक्या कॉलरचे शर्ट : डेढ गल्लीतला जुन्या कपड्यांचा बाजार

कामाठीपुऱ्यातल्या डेढ गल्लीत दर शुक्रवारी पहाटे जुन्या वस्तूंचा जो बाजार भरतो, तो बहुतेक मुंबईकरांना ठाऊक असलाच तर जुन्या बुटांमुळे ठाऊक असतो. मी तिथे गेले ती कपड्यांसाठी, आणि तेही घालण्यासाठी नव्हे तर उसवण्यासाठी. फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला पाच पोशाखांचा एक संच तयार करून तो वार्षिक शोमध्ये मांडावा लागतो, आणि माझ्या संचासाठी मी एक अट घालून घेतली होती की दोरा, सुया आणि नमुने बेतण्याचे मांजरपाट वगळता कोणतेही नवे कापड विकत घ्यायचे नाही. नोव्हेंबर ते जानेवारी या तीन महिन्यांत मी सहा शुक्रवारी त्या गल्लीत गेले आणि एकूण ३१ शर्ट, ४ कोट आणि ५ जीन्स घेऊन आले. त्याच काळात आमच्या इमारतीत येणाऱ्या बोहारणीकडून ७ सुती साड्या घेतल्या. हा बाजार शिवणाऱ्या माणसाच्या किती उपयोगाचा आहे, आणि तिथला कपडा पोशाख होईपर्यंत ज्या हातांतून जातो ते हात कसे आहेत, हे पुढे याच वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

बाजार पहाटे चारच्या सुमारास सुरू होतो आणि उजाडल्यावर तासा-दीड तासात आवरला जातो. आम्ही, म्हणजे मी आणि माझी एक वर्गमैत्रीण, परळहून सव्वाचारला टॅक्सीने निघत असू. इतक्या लवकर जाण्याचे कारण असे, की पहिल्या तासात तिथे घाऊक माल उचलणारे येतात आणि ते निवडून गेल्यावर ढिगात मोठ्या मापाचे शर्ट उरत नाहीत. मोठ्या मापाचा शर्ट म्हणजे आमच्या दृष्टीने जास्त कापड, हे उघडच आहे. गल्लीत बायका फारच थोड्या दिसतात. तरीही सहाही वेळा आमच्याशी सगळे सभ्यपणे वागले. दुसऱ्या खेपेपासून तर काही विक्रेते आम्हाला ओळखू लागले आणि ढिगासमोर बसायला जागा करून देऊ लागले. पण कोणीही एकट्याने जाऊ नये असेच मी सांगेन, कारण एकाने ढीग चाळायचा आणि दुसऱ्याने घेतलेला माल सांभाळायचा, अशी वाटणी केल्याशिवाय त्या गर्दीत काम होत नाही. सुटे पैसे, मोजपट्टी, दोन मोठ्या पिशव्या आणि पांढऱ्या उजेडाची बॅटरी इतके सामान पुरते. बॅटरी मी मुद्दाम सांगते आहे. पहिल्या खेपेला मोबाइलच्या उजेडावर भागवले, तेव्हा काळे समजून घेतलेले तीन शर्ट घरी आल्यावर तीन निरनिराळ्या छटांचे गडद निळे निघाले.

माल जमिनीवर अंथरलेल्या चादरींवर ढिगाने पडलेला असतो. शर्टांचा ढीग वेगळा, जीन्सचा वेगळा, हिवाळी कपड्यांचा वेगळा, यापलीकडे वर्गवारी नसते. मला शाबूत शर्ट ६० ते १०० रुपयांना, जीन्स १५० रुपयांच्या आसपास आणि कोट २०० ते ३५० रुपयांना मिळाले. हा माल वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि थोडे दिवस हाताळला की त्या वाटा ओळखू येऊ लागतात. ज्या शर्टाच्या कॉलरच्या आत धोब्याच्या काळ्या शाईची खूण असते, तो इथल्याच कोणाच्या तरी कपाटातून, बहुधा भांड्यांच्या बदल्यात, बाहेर पडलेला असतो. ज्याचे लेबल अर्धे कापलेले असते, तो निर्यातीसाठी शिवून नाकारला गेलेला, म्हणजे खरे तर कधी न वापरलेला असतो. आणि ज्या कोटाच्या आतल्या पट्टीवर धुण्याच्या सूचना जर्मनमध्ये असतात, तो समुद्र ओलांडून आलेला असतो. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत. कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात परदेशी जुने कपडे निवडून मुख्यतः पुन्हा बाहेर पाठवले जातात, आणि पानिपतला जाणाऱ्या लोकरी चिंध्या तर कोणाला घालता येऊ नयेत म्हणून आधीच फाडलेल्या असतात आणि तिथे त्यांची पिंजून पुन्हा लोकर केली जाते. तरीही माझ्या चार कोटांपैकी दोन असे परदेशी होते. त्यांच्या आतली बांधणी पाहिल्यावर, धागा होण्याऐवजी ते माझ्या टेबलावर आले याचे मला मनापासून समाधान वाटले.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. पहिल्या शुक्रवारी मी शर्ट निवडत होते ते गिऱ्हाईक निवडते तसे, म्हणजे कॉलर पाहून, कफ पाहून, पुढच्या भागावर डाग नाही ना ते पाहून. एक बऱ्यापैकी जाड पोपलिनचा निळ्या रेघांचा शर्ट मी उचलला, तेव्हा ढिगामागे बसलेल्या वयस्कर विक्रेत्यांनी तो माझ्या हातातून घेतला, कॉलर उलटी करून दाखवली आणि म्हणाले, "ये मत लो बेटा, कॉलर फटेली है." मी शर्ट ठेवून दिला आणि त्याऐवजी शाबूत कॉलरचे पाच शर्ट घेऊन घरी आले. घरी ते उसवून टेबलावर पसरले, तेव्हा लक्षात आले की मी कॉलरसाठी पैसे मोजले होते आणि माझ्या पाचही रेखाटनांत कॉलर कुठेही नव्हती. मला लागत होती ती पाठ. ४२ मापाच्या पुरुषी शर्टाची पाठ योकच्या, म्हणजे खांद्यांवरच्या आडव्या पट्टीच्या, खाली साधारण २२ इंच रुंद आणि २६ इंच लांब असते, आणि संपूर्ण शर्टात सलग, बिनशिवणीचा असा तेवढा एकच तुकडा मिळतो. पुढचे दोन्ही भाग बटणपट्टीने आणि खिशाने अडवलेले असतात, बाह्यांचा आकार वरच्या बाजूला मुंढ्याने खाल्लेला असतो. शर्ट झिजतो तो मानेला, कफांना आणि कोपराला. पाठ मात्र, खुर्चीला टेकून बसणाऱ्याचीसुद्धा, बहुतेक वेळा ठणठणीत राहते. म्हणजे घालणाऱ्याने ज्या दोषासाठी शर्ट टाकून दिला, त्या दोषाशी उसवणाऱ्याचा काही संबंधच नसतो. त्या विक्रेत्यांचा सल्ला प्रामाणिक होता, पण तो घालणाऱ्यासाठी होता. दुसऱ्या शुक्रवारी मी तोच ढीग उलट्या नजरेने चाळला आणि फाटक्या कॉलरचे आठ शर्ट ४० रुपये नगाने घेतले.

ही उलटी नजर यायला वेळ लागतो, आणि हा बाजार ती देत नाही, आपली आपल्याला कमवावी लागते. कोणत्या शर्टाच्या शिवणीत माया, म्हणजे टिपेच्या आतले जादा कापड, जास्त सोडली आहे, हे बोटांनी चाचपून कळते. घरगुती शिंप्याने शिवलेल्या शर्टाला बाजूच्या शिवणीत पाऊण इंचापर्यंत माया सापडते, कारखान्यातल्या शर्टात ती जेमतेम पाव-तीन अष्टमांश इंच असते आणि तीही आत दुमडून दुहेरी टीप मारलेली. म्हणून नावाजलेल्या कंपनीच्या शर्टापेक्षा गल्लीतल्या शिंप्याने शिवलेला शर्ट आमच्या कामाला जास्त कापड देतो. कापड सुती आहे की पॉलिएस्टर-मिश्र, हे स्पर्शाने बरेचसे कळते, पण खात्री घरी दोरा जाळूनच होते. सुती दोरा जळलेल्या कागदासारखा वास देतो आणि त्याची राख बोटावर भुकटी होते, पॉलिएस्टर वितळून काळा, टणक मणी होतो, आणि लोकर किंवा रेशीम असेल तर जळलेल्या केसांचा वास येतो. कापड उजेडासमोर धरून विरलेले आहे का, हे पाहण्याची सोय मात्र पहाटेच्या काळोखात नसते. बॅटरी कापडाच्या मागे धरली तर बऱ्यापैकी काम भागते.

उसवण्याविषयी मला जरा सविस्तर सांगायचे आहे, कारण जुन्या कपड्याची खरी किंमत तिथे मोजावी लागते. एक पुरुषी शर्ट नीट, कापडाला इजा न करता उसवायला मला सुरुवातीला अडीच तास लागत होते, शेवटी शेवटी तो वेळ सव्वा तासावर आला. ३१ शर्टांचे मिळून साधारण ५० तास होतात, म्हणजे महिनाभर रोज संध्याकाळचे पावणेदोन तास. साध्या मशिनची टीप दोन दोऱ्यांची असते आणि दर तीन-चार टाक्यांवर कापल्याशिवाय ती सुटत नाही. पण कारखान्यात शिवलेल्या बऱ्याच शर्टांच्या बाजूच्या शिवणी आणि जीन्सच्या पायांच्या शिवणी साखळी टाक्याने घातलेल्या असतात. त्याचे योग्य टोक सापडले, तर धान्याच्या पोत्याचे तोंड उसवावे तशी ती शिवण सरसर सुटून येते. ते टोक कोणत्या बाजूला असते हे मला पाचव्या शर्टापर्यंत कळले नव्हते. सहाव्या शर्टापासून मी आधी टाक्याची उलटी बाजू पाहू लागले आणि जिथे शिवण संपली असेल तिथून सुरुवात करू लागले. त्यानंतर कामाला जो वेग आला तो अजूनही आठवतो.

उसवताना कापडाचा इतिहास समोर येतो. छातीवरचा खिसा काढला की त्याच्याखाली त्याच आकाराचा गडद चौकोन असतो, कारण वर्षानुवर्षांच्या उन्हापासून आणि धुण्यापासून तेवढाच भाग झाकलेला राहिलेला असतो. पहिल्या काही शर्टांचे ते चौकोन मी दोष समजून कापून टाकले. मग एके दिवशी आठ-दहा पुढचे भाग जमिनीवर शेजारी शेजारी पडलेले असताना दिसले, की फिक्या निळ्यात गडद निळा, फिक्या करड्यात गडद करडा अशी ती एक छपाईच आहे आणि ती कोणत्याही ठशाने साधणार नाही. माझ्या पहिल्या पोशाखाचा, म्हणजे सहा शर्टांतून केलेल्या लांब झग्याचा, सगळा पुढचा भाग त्या चौकोनांवर बेतला आहे. खिसे काढलेल्या जागी सुईची भोके राहतात. कापड ओले करून, उलट्या बाजूने हलकेच घासून इस्त्री केली तर त्यांतली बरीच मिटतात, दाट विणीच्या पोपलिनवर मात्र ती कायम राहतात.

धुण्याचे काम सोपे होते, पण ते टाळून चालत नाही. बाजारातून आणलेला एकही कपडा मी न धुता घरातल्या इतर कपड्यांजवळ ठेवला नाही. सुती माल सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजवून उन्हात वाळवला, लोकरी कोट मात्र गरम पाण्यापासून दूर ठेवून तीन दिवस कडक उन्हात उलटसुलट टांगले. महालक्ष्मीचा धोबीघाट १८९० सालापासून चालू आहे आणि घाऊक धुलाई तिथे सहज होते, पण ३१ शर्टांसाठी मला तितके लांब जावे लागले नाही.

रंगवण्याच्या बाबतीत मात्र माझा अनुभव वाईट आला. झग्यासाठीचे काही तुकडे मला एकसारख्या गडद निळ्या रंगात हवे होते. ज्या दुकानात मी ते दिले, तिथे मंगळवारचा वायदा शनिवारपर्यंत लांबला. त्याहून वाईट म्हणजे कापडाचा एक कोपरा आधी रंगवून पाहा, असे मी स्पष्ट सांगितले असतानाही सगळे तुकडे एकदमच उकळत्या भांड्यात टाकले गेले. चुरगळू नये म्हणून ज्या शर्टांवर कारखान्यात रसायनाचा थर दिलेला असतो, त्यांच्यात सुती कापडाचा रंग नीट शिरत नाही. माझे चार तुकडे ढगाळ, ठिपकेदार होऊन परत आले आणि त्यांतले दोन मला टाकून द्यावे लागले. पैसे पूर्ण घेतले गेले. त्यानंतरचे रंगकाम मी घरीच, मीठ आणि धुण्याचा सोडा वापरून, लहान बादलीत केले. त्यात एक गोष्ट अशी घडली जिचा मला पुढे उपयोग झाला. ज्या तुकड्यांवर जुनी टीप तशीच राहिली होती, तिथे कापड निळे झाले आणि टीप पांढरीच राहिली, कारण शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा होता आणि सुती कापडाचा रंग तो घेत नाही. कफांच्या आणि योकच्या त्या पांढऱ्या रेघा इतक्या रेखीव दिसत होत्या, की दुसऱ्या पोशाखात मी मुद्दाम तसे तुकडे वापरले. जो दोरा सुती हवा तो सुती आहे का हे आधी तपासावे, एवढाच धडा यातून इतरांनी घ्यावा असे वाटते.

कोटांचे काम सर्वांत कठीण आणि सर्वांत आनंदाचे होते. कोट विकत घेताना मी एकच परीक्षा करत असे. छातीच्या खालच्या बाजूला बाहेरचे कापड एका हाताच्या चिमटीत आणि आतले अस्तर दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून हलकेच ओढले की दोन्हींच्या मध्ये तिसरा सुटा थर जाणवतो का, हे पाहायचे. जाणवला तर आत कॅनव्हास, म्हणजे कोटाला आकार देणारे जाड कापड, टाक्यांनी बसवलेला आहे आणि कोट उसवता येतो. जाणवला नाही तर आतला थर डिंकाने चिकटवलेला आहे, तो काढता येत नाही आणि ओलावा लागला की कापडावर फुगे धरतात. माझ्या चारांपैकी तीन कोट पहिल्या प्रकारचे निघाले. त्यांच्यातला एक उसवला तेव्हा छातीच्या कॅनव्हासवर हाताने घातलेल्या तिरक्या टाक्यांच्या रांगाच रांगा दिसल्या. ज्याने तो कोट आयुष्यभर घातला त्यालाही त्या कधी दिसल्या नसतील. मी तो कोट उलटाच केला. अस्तर काढून टाकले, कॅनव्हास बाहेर ठेवला, आणि शोमध्ये तोच लोकांनी सर्वांत जवळून पाहिला.

त्या कोटाला पाठीवर कसरीने खाल्लेली तीन भोके होती. ती बुजवण्यासाठी मी मोहम्मद अली रोडलगतच्या एका गल्लीत बसणाऱ्या रफूगर चाचांकडे गेले, आणि या सगळ्या प्रवासात मला ज्यांच्या कामाची मनापासून शिफारस करावीशी वाटते ते हेच. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की या कोटाची आतली माया शिल्लक आहे का. मी उसवलेले तुकडे दाखवल्यावर त्यांनी त्या मायेतूनच एकेक लोकरी धागा ओढून काढला आणि त्याच धाग्याने, उभ्या-आडव्या विणीत एक वर एक खाली करत, भोक भरले. कापडाचा धागा कापडातच परत गेला. तीन भोकांना दीड तास लागला आणि त्यांनी २४० रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी उन्हात पाहिले तेव्हा दोन भोकांची जागा मला सापडली नाही. तिसरे जरा मोठे असल्याने बोट फिरवले की जाणवते. रफू करायचा कपडा उसवून न्यावा, म्हणजे त्यांना धागा शोधायला शिवण उघडावी लागत नाही, ही सूचना त्यांचीच आहे.

साड्यांसाठी मी बाजारात गेले नाही, कारण त्या आमच्या दाराशी येतात. भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे नेणाऱ्या बोहारणी, म्हणजे बहुतांशी मूळच्या गुजरातमधल्या देवीपूजक समाजातल्या बायका, मुंबईच्या चाळींत आणि इमारतींत पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. जरीची साडी असेल तर तिची गिऱ्हाइके वेगळी असतात, कारण खरी जर जाळून तिच्यातली चांदी काढता येते. सुती साडीला मात्र फारसा भाव नसतो. आमच्याकडे येणाऱ्या बोहारीण मावशींना मी सांगितले की मला विरलेल्या सुती साड्या हव्या आहेत, तेव्हा त्यांनी आईकडे पाहिले आणि विचारले, "ताई, गोधडी करायची आहे का?" त्यांचा तर्क योग्यच होता. मी त्यांना पैसे देऊ केले, पण त्यांनी दोन जुन्या चादरी आणि बाबांची एक पँट मागून घेतली आणि सात साड्या दिल्या. कापड पारखण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. साडीचा काठ दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये धरून त्या आडव्या धाग्याला हलका ताण देत आणि आवाज ऐकत. जिच्यातून बारीक चरचर आली ती त्यांनी स्वतःच बाजूला काढली, "ही टाका घेणार नाही" म्हणत. आमच्या प्रयोगशाळेत कापडाची ताकद मोजायला यंत्र आहे. मी पुढे त्यांनी नाकारलेल्या साडीचा तुकडा त्या यंत्रावर लावून पाहिला आणि तो खरोखरच इतरांच्या आधी फाटला.

साडी कुठे झिजते हे त्यांच्याकडूनच शिकले. पायाशी घासणारा खालचा काठ, पिन टोचून टोचून चाळण झालेला खांद्याचा भाग आणि उन्हाने उडालेला पदर सोडला, तर परकराला वेढणारा पहिला फेरा जवळजवळ नवा असतो. मी तो भाग पायघोळ विजारींसाठी ठेवला आणि विरलेले भाग तीन थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवून त्यांचे जाकीट केले. गोधडीचे तंत्र आमच्या अभ्यासक्रमात एका परिच्छेदापुरते येते, पण त्यामागचे शहाणपण मला या जाकिटामुळे कळले. एकटे विरलेले कापड ताण सहन करत नाही, मात्र तीन विरलेले थर पाव-पाव इंचावरच्या धावदोऱ्यांनी बांधले की ताण एका धाग्यावर न येता सगळीकडे वाटला जातो, आणि कापड पुन्हा कामाचे होते. ते जाकीट हाताने शिवायला मला अकरा दिवस लागले, आणि संचातला तोच पोशाख मला सर्वांत आवडतो.

शोच्या आधी परीक्षकांसमोर मांडणी होते. तिथे मला विचारण्यात आले, की या झग्याची दुसरी प्रत कोणी मागितली तर काय करशील. जुन्या कपड्यांतून काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारला जातो आणि तो योग्यही आहे, कारण तोच निळा, तीच रेघ, तोच उडालेला रंग पुन्हा सापडत नाही. माझे उत्तर असे होते, की मी झगा रंगावर बेतलेलाच नाही, तो शर्टाच्या भागांवर बेतला आहे. जगातल्या बहुतेक पुरुषी शर्टांना एक पाठ, एक योक, दोन कफ आणि बहुधा एक खिसा असतो, आणि माझा नमुना याच आकारांचा हिशेब धरतो. बेल्जियन डिझायनर मार्टिन मार्जिएला यांनी १९९१ साली लष्करी मोज्यांपासून स्वेटर केले होते, त्यात मोज्याच्या टाचेचा फुगीरपणा छातीच्या आणि कोपराच्या जागी बसवला होता. जुन्या वस्तूचा आकार मोडून काढण्याऐवजी त्याला त्याची जागा शोधून द्यायची, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. आपल्याकडे पुण्याच्या का-शा या फॅशन ब्रँडमध्ये उरलेल्या आणि वापरलेल्या कापडांवर बरीच वर्षे काम चालू आहे. परीक्षकांचे यावर समाधान झाले की नाही हे मला सांगता येणार नाही, पण त्यांनी झगा उलटा करून आतल्या शिवणी बराच वेळ पाहिल्या.

खर्चाचा हिशेब मांडायचा तर बाजारातला सगळा माल, रफू, रंग, दोरा आणि मंगलदास मार्केटमधून आणलेले मांजरपाट मिळून पाच पोशाखांना ६,८०० रुपये लागले. नव्या कापडात एवढ्यात दोनच पोशाख झाले असते. पण हा आकडा पाहून कोणी जुन्या कपड्यांत काम स्वस्त पडते असे समजू नये, कारण त्यात माझे तास धरलेले नाहीत. नुसत्या उसवण्याचे तास कारागिराच्या मजुरीने धरले तरी हा हिशेब उलटतो. ज्यांच्या हाती वेळ कमी आहे किंवा ज्यांना एकाच रंगाचे दहा वार कापड हवे आहे, त्यांनी सरळ मंगलदास मार्केट गाठावे, डेढ गल्ली त्यांच्यासाठी नाही.

बाजाराच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. घेतलेला माल परत होत नाही, आणि अंधारात डाग हटकून निसटतात. माझ्या ३१ शर्टांपैकी सहा शर्टांच्या बगलांतले पिवळे डाग कशानेही गेले नाहीत. मापाचे लेबल अनेकदा फाडलेले असते, त्यामुळे मोजपट्टी लावल्याशिवाय घेऊ नये. घासाघीस करणे अपेक्षित असते, पण माझा अनुभव असा, की आपल्याला नेमका कोणता भाग हवा आहे हे खरे खरे सांगितले तर भाव आपोआप उतरतो. पावसाळ्यात ढीग ओले होतात आणि ओल्या कापडाला बुरशी धरते, त्यामुळे दिवाळीनंतरचे महिने खरेदीला उत्तम.

शो फेब्रुवारीत झाला. त्यानंतरच्या शुक्रवारी मी पुन्हा गल्लीत गेले, कारण परीक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर नुसते तोंडी देऊन मला पुरेसे वाटत नव्हते आणि झग्याची दुसरी प्रत खरोखर करून पाहायची होती. पहिल्या दिवशी मला फाटकी कॉलर दाखवणारे विक्रेते त्याच जागी बसले होते. मी मोबाइलवर झग्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून खिशांच्या जागचे चौकोन न्याहाळले आणि मग चादरीखालून एक गाठोडे बाहेर ओढले. त्यात नऊ शर्ट होते, सगळे मोठ्या मापाचे, पाठ शाबूत आणि कॉलर फाटलेली, माझ्यासाठी तीन आठवडे बाजूला काढून ठेवलेले. "ये कोई पहनेगा नहीं, तुम ले जाओ," म्हणाले, आणि नगाला ३० रुपये घेतले.